शेजारी शेजारी

बाबा घरी यायचा तेव्हा लेक झोपलेली असायची. सकाळी ती डोळे चोळत उठायची तेव्हा हा बूट घालत असायचा. त्यामुळे त्याला पाहिलं की ती लगेच हात हलवून "टाटा" म्हणायची. सुट्टीच्या दिवशीसुद्धा! सोफ्यावर निवांत बसलेल्या माणसाला दिवसभर टाटा.

हे त्याच्या मनाला फार लागलं. बसथांब्यापासून घर लांब. तो रस्ता पायी तुडवेपर्यंत लेकीचे डोळे मिटलेले असायचे. म्हणून त्याने विजेवर पळणारा स्केटबोर्ड स्वतःच बनवायचं ठरवलं. फळी आली, चाकं आली, मोटर आली, दोन बॅटऱ्या आल्या. जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं आलं.

पण मोटर आणि बॅटऱ्यांचं काही जुळेना. सुट्टीच्या दिवशी फळी उलटी ठेवून रिमोटची कळ दाबली, तर चाकं अशी किंचाळली की लेकीने कान झाकले आणि आईने लेकीला. त्याने बहिणीला फोन लावला. लेकीची ही आत्या लिफ्टच्या कंपनीत इंजिनिअर.

"बॅटऱ्या कशा जोडल्यास?"

"एकामागे एक."

"मग किंचाळणारच! एकामागे एक जोडल्या की जोर दुप्पट होतो. तुझ्या मोटरला तो झेपत नाही. शेजारी शेजारी जोड. जोर तेवढाच राहतो, दम वाढतो."

"जोर आणि दम एकच ना, ताई?"

"जिना चढायला सुरुवात करतोस तेव्हा जोर किती असतो?"

"भरपूर."

"आणि वर पोचल्यावर दम?"

"हां... कळलं."

कळलं काहीच नव्हतं. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक बसवलेल्या बॅटऱ्या त्याने काढल्या आणि अगदी शेजारी शेजारी बसवल्या. तारा होत्या तशाच राहिल्या. तारांबद्दल ताई कुठे काय बोलली होती?

चाकं पुन्हा किंचाळली.

"ताई, शेजारी शेजारी केल्या तरी तेच!"

"नीट केल्यास का?"

"अगं, मधून कागद जाणार नाही इतक्या."

"कागदाचा काय संबंध?"

"मग किती अंतर ठेवू?"

"अंतराचा काय संबंध!"

"शेजारी म्हणालीस तूच ना?"

आई लेकीला भरवत होती. ती तिथूनच म्हणाली, "शेजाऱ्यांचं पटत नसेल. मध्ये पुठ्ठा घाल."

मग आत्या म्हणाली, "मी रविवारी येऊन बघते. तोवर त्या फळीवर पाय ठेवू नकोस."

पण चाकं हवेत फिरतात म्हणून किंचाळतात, अंगावर वजन पडलं की गप्प बसतील, असा सिद्धांत बाबाने रातोरात मांडला आणि दुसऱ्या दिवशी फळी पिशवीत घालून कामावर नेली.

संध्याकाळी तो बसमधून उतरला. रस्ता नाकासमोर सरळ आणि मोकळा. त्याने एक पाय ठेवला, दुसरा उचलला आणि रिमोटची कळ दाबली. फळी गेली. बाबा राहिला, रस्त्यावर बसलेला. घाबरून त्याने रिमोट घट्ट आवळला. आणि कळ आवळणं म्हणजेच वेग! रिमोटची हद्द संपली तेव्हा कुठे फळी थांबली. हा धापा टाकत जवळ गेला, तर अंगठा अजून कळीवरच. फळी पुन्हा सुसाट. जवळ गेलं की पळायचं आणि लांब जाऊन वाट बघायची. आंघोळीच्या वेळी लेक करायची, अगदी तसं.

"अहो, साखळी बांधत जा त्याला!" कमी दिसणारे एक आजोबा ओरडले.

"कुत्रा नाही हो, बॅटरी आहे!"

"असू दे, चावली म्हणजे?"

शेवटी फळी घराच्या फाटकावर आदळून उलटी झाली. मागोमाग शर्ट बाहेर आलेला, घामाने निथळणारा बाबा दारात उभा राहिला. आईचा थोपटणारा हात थांबला. तिच्या खांद्यावरून लेकीने मान वर काढली, बाबाला नीट न्याहाळलं आणि दोन्ही हात पुढे केले.

त्या दिवसापासून फळी पलंगाखाली गेली आणि बाबा रोज बसथांब्यावरून धावत घरी येऊ लागला.

रविवारी आत्या आली. फळी उलटी करून बघितली आणि पोट धरून हसली. "अरे बावळटा, बॅटऱ्या शेजारी ठेवल्यास, तारा कोण बदलणार? आण पक्कड. आत्ता जुळवून देते दोघांचं."

आईने पक्कड हळूच पाठीमागे लपवली. पलीकडच्या खोलीत बाबा रांगत होता आणि लेक पुढे पळून, थांबून, खिदळत त्याची वाट बघत होती.

"राहू द्या, ताई," आई म्हणाली. "त्या दोघांचं बिनसलं, म्हणून तर या दोघांचं जुळलंय."