विषय सौंसरला पाठवण्यात आला आहे

मुलांना योग्य वयात योग्य माहिती मिळाली पाहिजे, याबद्दल पांढुर्ण्यात दुमत नाही. ती कोणी द्यावी, एवढाच किरकोळ तपशील ठरायचा आहे.

आमच्या घरी याची उत्तम व्यवस्था होती. मुलीने पाळीबद्दल काही विचारले की आई ते प्रकरण सौंसरच्या मामीकडे पाठवी. मामी शिकलेल्या, त्या सांगत, "नववीत धडा आहे, तवा समजंल." नववीत धडा आला की शाळेतल्या बाई दोन पाने उलटून म्हणत, "हे घरी आईला विचारा." प्रश्न निघाला तिथेच सुखरूप परत येई, वाटेत कोणीही न उघडता. (मुलग्यांची व्यवस्था याहून सुटसुटीत होती. नव्हतीच.)

दिवाळीआधीच्या त्या शेवटच्या साध्या दुपारी आई लसूण सोलत होती. आठवीतली माझी लेक हिमानी म्हणाली, "आजी, तुझी तर पाळी बंद झाली न? मग बाथरूममध्ये रक्त कशाचं होतं?"

"काहीबाही विचारून राहिली पोट्टी! मामीले फोन लाव."

हिमानीने लावला. मामी म्हणाल्या, नववीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई मोरीत कोसळली. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून विचारले, "दोन वर्षं रक्त जातंय. पाळी बंद झाल्यावर असं झालं की लगेच यायचं असतं, माहीत नव्हतं?"

(आई सातवी शिकलेली. माहिती नववीत होती.)

महिनाभरात ती गेली. तेरवीला बैठकीत बायका जमल्या. एकीने विचारले, "काय झालं होतं हो?"

"ताईंले पोटाचं होतं," मामी म्हणाल्या. सगळ्यांचे समाधान झाले. आमच्याकडे बाईला जे काही होते ते पोटाचेच होते.

"पोटाचं नव्हतं, मामी," मी म्हटले.

मामींनी ओळखले. "हिमानी, जाय बेटा, चहा झाला का पाह्य." बाकीच्यांनीही आपापल्या मुलींना चहा पाहायला पाठवले. एका पातेल्यावर पाच मुली नेमण्यात आल्या.

(वाचकांनीही पुढचे वाचण्याआधी मागे कोणी उभे नाही ना, हे पाहून घ्यावे. बहुतेकांनी एव्हाना पाहिलेच असेल.)

"हिमानी, बस इथंच," मी म्हटले. "पोरींनो, तुम्हीही या. आजीच्या योनीतून रक्त जात होतं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. योनी हा शब्द आईनं मला कधी सांगितला नाही, मी तुला सांगितला नाही. आता विचार, काय विचारायचं ते. मलाच विचार."