शंभरातले एकशे आठ

जगात सुटणं सोपं, धरून ठेवणं कठीण. म्हणून धरून ठेवणाऱ्याला मान असतो. मग तो खुर्ची धरणारा असो की लोखंड.

कारखान्याच्या धुरातला विषारी वायू पकडायला पाण्यात विरघळलेलं लोखंड लागतं, आणि ते लोखंड धरून ठेवायला एक पांढरी पूड. कामगार तिला 'चिकटी' म्हणत. थकलेल्या द्रावणात ॲसिड घातलं की चिकटी लोखंडाचा हात सोडून तळाशी बसते. मग ती गाळायची, वाळवायची आणि पुन्हा कामाला जुंपायची. हे काम प्रयोगशाळेतल्या बाईंचं. शंभर किलोंतली ब्याण्णव त्या परत मिळवत. त्यांचं घर चिमणीच्या सावलीतच. वायू पकडला जाऊ लागल्यापासून सासूबाईंचा खोकला थांबला होता, याचा बाईंना कोण आनंद!

कार्यालयाचा आनंद मात्र आठ किलोंनी कमी होता. ती आठ गेली कुठे, असं तीन प्रतींत विचारण्यात आलं. (चौथी प्रत हरवली. ती कुठे गेली, हे कोणी विचारलं नाही.) पंचाण्णव न भरल्यास विभाग बंद होणार होता.

त्याच आठवड्यात वाळवायची भट्टी बिघडली. बाईंनी पूड ओलीच तोलली आणि शेऱ्यात प्रामाणिकपणे लिहिलं, 'ओलं वजन'. आकडा आला एकशे आठ. शेऱ्याचा रकाना अरुंद, म्हणून टंकलेखकाने 'ओलं' गाळलं. गाळणं हेच त्या विभागाचं काम असल्याने कोणाला वावगं वाटलं नाही.

कार्यालय हरखून गेलं. घातलं त्याहून जास्त परत मिळतंय म्हटल्यावर नवी चिकटी आणणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. ते बंद झालं. भट्टीची दुरुस्तीही नामंजूर, कारण आकडा तिच्यामुळेच घसरत होता हे सिद्ध झालं होतं. पुढचं उद्दिष्ट एकशे वीस ठरलं, आणि बाईंचा सत्कारही.

बाईंनी साहेबांना गाठलं. "साहेब, ब्याण्णवच्या वरचं सगळं पाणी आहे हो."

साहेब मायेनं म्हणाले, "असू दे. आपल्याच नळाचं आहे ना?"

विभाग वाचवायचा म्हणून बाई पूड ओलीच तोलत राहिल्या. दर फेरीला चिकटी घटली, पाणी वाढलं, आणि एकशे वीस गाठले. सत्काराच्या दिवशी चिमणी तांबूस धूर ओकत होती. पहिल्या रांगेतून खोकत सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आकडा छान आहे गं, पण श्वास घेता येईना." टाळ्यांच्या कडकडाटात ते फक्त सुनेला ऐकू आलं, आणि तिला हार नकोसा झाला.

वाचकांनी कार्यालयाला हसू नये. या गोष्टीचं नाव वाचताना, शंभरातले एकशे आठ कसे, असं आपणही विचारलं नव्हतं.