पेंडसे काकांच्या गॅरेजातली ट्रायल

पेंडसे काका लग्नघरी पहिल्यांदा येतात ते मेझरिंग टेप घेऊन. आधी नवऱ्या मुलाची उंची फेट्यासकट मोजतात, मग हॉलवर जाऊन दाराची. एका लग्नात म्हणे नवरदेव आत आला आणि फेटा चौकटीला अडकून बाहेरच राहिला. तेव्हापासून काकांचा कुठल्याही दारावर विश्वास नाही.

इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये त्यांनी जन्मभर गाड्यांचे ब्रेक तपासले. रिटायर झाल्यावर पौरोहित्य शिकले, लग्नाच्या सरकारी कागदावर सही करायचा अधिकार मिळवला आणि ब्रेकची सगळी शिस्त लग्नांना लावली. माझ्या लेकीचं, सईचं इथनशी ठरलं आणि आम्हीही त्यांच्या तावडीत सापडलो. पहिल्याच भेटीत इथन बिचारा भारावून सांगत होता की सप्तपदीचा अर्थ त्याला फार आवडला. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुड. यात काय बिघडू शकतं?" हा त्यांचा लाडका प्रश्न. सईनं भाषांतर केलं तेव्हा इथनचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

मग सहा पानी फॉर्म आला. नवरीच्या सँडलची टाच किती इंच? मामाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय का? अक्षता माणशी एक चहाचा चमचा, कारण हॉलवाल्यांना त्यांच्या कार्पेटची काळजी. मी दोन संध्याकाळी बसून तो भरला. कन्यादानापुढे माझ्या दादा-वहिनीचं नाव लिहिलं आणि पान पटकन उलटलं. सईच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. लहानपणापासून जे पाहत आले तेच लिहिलं.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकांच्या गॅरेजात ट्रायल होती. दादा-वहिनी त्यासाठी पिस्कॅटवेहून विमानानं आले. गाड्या बाहेर काढलेल्या, जमिनीवर निळ्या चिकटपट्टीनं मांडव आखलेला. अंतरपाट म्हणून गाडीच्या काचेला लावायची चंदेरी सनशेड. तिच्या एका बाजूला इथन, दुसऱ्या बाजूला सई, आणि काका हातात स्टॉपवॉच घेऊन मंगलाष्टकं म्हणतायत. मी कोपऱ्यातल्या फोल्डिंगच्या खुर्चीवर बसले होते. सगळे हसत होते, मीही हसत होते.

कन्यादानाशी येऊन काका थांबले. फॉर्म डोळ्यांजवळ नेला. "नवरीला मांडवात आणणार मामा. कन्यादान करणारही मामा. एका माणसावर एवढा लोड?"

दादा म्हणाला, त्याला काही त्रास नाही.

"तुम्हाला नसेल हो. मीना, तू त्या वेळी कुठे असणार?"

"इथेच. पण काका, रीत असते ना," मी म्हटलं. सई म्हणाली, "आय टोल्ड हर, काका. शी वोंट लिसन."

काकांनी स्टॉपवॉच बंद केलं. माझ्याजवळ आले आणि इतक्या हळू बोलले की मला पुढे वाकावं लागलं.

"माझे वडील मी शाळेत असताना गेले. आईनं शिवणकाम करून मला इंजिनिअर केलं. माझ्या लग्नात ती स्वयंपाकघरात बसली होती. मंगलाष्टकं तिनं भिंतीपलीकडून ऐकली. मी बोहल्यावर उभा होतो, मला सगळं कळत होतं. मी तिला बाहेर बोलावलं नाही."

एवढं बोलून त्यांनी फॉर्मवरची दोन्ही नावं खोडली आणि माझं लिहिलं. दादा उठला आणि त्यानं माझी खुर्ची मिटून भिंतीला लावून टाकली.

मी निळ्या पट्टीच्या आत गेले. काकांनी सांगितलं तसा सईचा हात इथनच्या हातात दिला, वहिनीनं वरून पाणी सोडलं. सगळं पहिल्याच फटक्यात बरोबर झालं. काकांना एकही चूक सापडली नाही.

तरी त्यांनी ते मला तीनदा करायला लावलं. तिसऱ्या वेळी मंत्र अर्ध्यावरच राहिला आणि काका नुसतेच माझ्याकडे बघत उभे राहिले.