गिऱ्हाइकाला रोज एक फोन

उदगीरच्या सुकन्याचं पार्लर चालायला लागलं ते काही जाहिरातीनं नाही. गिऱ्हाईक असो नसो, सकाळी ठरलेल्या वेळेला शटर वर, टॉवेल रोज गरम पाण्यातून काढलेले, भुवया कोरायचा दोरा रोज नवा. आणि खुर्चीत बसून बाई जे बोलेल ते खुर्चीतच राहणार. एवढंच ती न चुकता करत आली आणि घराची पुढची खोली बायकांनी भरू लागली.

तिचा नवरा विरूपाक्ष मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर मुनीम. बायकोची भरभराट बघून त्यालाही वाटलं, आपणही एक रोजची सवय लावून घ्यावी. (चहा पिण्याची होती, पण ती धंद्यात मोजत नाहीत.) त्यानं ठरवलं, जी बाई यायची थांबली तिला रोज एक फोन करायचा. सुकन्याला सांगितलं नाही. एकदम गर्दी दाखवायची होती.

पहिल्याच फोनला एक मावशी खरोखर परत आल्या. आता विरूपाक्षला कोण अडवणार? दुसऱ्या दिवशी त्यानं पुनमचा नंबर लावला. फोन तिच्या नवऱ्यानं, भीमाशंकर गुरुजींनी उचलला.

"गुरुजी, वहिनी यायल्या न्हाईत. चेहऱ्याची हयगय बरी न्हाई."

"ती तर दर शनिवारी तुमच्याकडंच येती की."

विरूपाक्ष म्हणजे मोंढ्यात खोटं वजन न सांगणारा माणूस. म्हणाला, "न्हाई बा. दिवाळीपासून न्हाई."

"मग जाती कुठं?"

"चौकशी करून कळवतो," विरूपाक्ष म्हणाला, आणि चांगलं काम केल्याच्या समाधानात त्यानं आणखी एक चहा घेतला.

शनिवारी गुरुजी स्वतःच आले आणि पार्लरच्या मधल्या खुर्चीत बसले. दारातून पुरुष दिसला की बायका ओढणी सावरून माघारी जाऊ लागल्या. हातात दोरा घेऊन सुकन्या उभीच.

"वहिनी, विरूपाक्षरावांनी फोनवर सांगितलं, पुनम हितं येत न्हाई. मग ती कुठं जाती?"

सुकन्याला सगळं ठाऊक होतं. तिनं एकदा आतल्या दारात उभ्या नवऱ्याकडं बघितलं, तसा विरूपाक्ष दाराआड सरकला. मग ती शांतपणे म्हणाली, "गुरुजी, या खुर्चीतलं बोलणं मी बाहेर सांगत न्हाई. तुम्ही आता त्याच खुर्चीत हाव, तुमचंबी कुणाला सांगणार न्हाई. पुनमताई येतील, त्याच सांगतील."

आणि तिनं आतून पुनमला फोन लावला.

थोड्या वेळानं बाहेर एक स्कूटी आली. दोन्ही पाय जमिनीला घासत, ब्रेक आणि हॉर्न एकदमच दाबत ती पायरीला टेकून थांबली. वर पुनम. तोंड उन्हानं लाल, केस विस्कटलेले.

"तुम्हीच म्हणलाव ना, तुला सायकलबी जमायची न्हाई," ती नवऱ्याला म्हणाली. "म्हणून दर शनिवारी शिकायला जाते ते सांगितलं न्हाई. कालच लायसन मिळालं."

गुरुजी खुर्चीतून उठून दारात आले. मग हळूच म्हणाले, "आन् दर शनिवारी तुझा चेहरा उजळतो म्हणायलो, ते?"

"तो घाम हो."

सुकन्या खाली मान घालून टॉवेलच्या घड्या घालत राहिली. गुरुजी मुकाट्यानं मागच्या सीटवर बसले, डोळे मिटले, आणि दोघं घरी गेले.

उदगीर काही मोठं गाव नाही. सुकन्यानं गुरुजींपुढंही तोंड उघडलं नाही, ही गोष्ट सोमवारपर्यंत सगळ्या गल्ल्यांत पोचली, आणि पार्लरात बसायला जागा उरली नाही. रात्री जेवताना विरूपाक्षची छाती फुगलेली.

"बघ, माझ्या फोननंच गिऱ्हाईक वाढलं. आता तर बायका स्वतःहून फोन करून यायल्यात."

"हाव," सुकन्यानं त्याला भाकरी वाढली. "सगळ्या विचारूनच येतात."

"काय विचारतात?"

"तुम्ही मोंढ्यात गेलाव का म्हणून."