सारजाची मोजणी

केशरबाईंची नात सत्यशीला शंभरापर्यंत आकडे म्हणायला लागली आणि शेजारच्या नर्मदाबाईंना भाकर गोड लागेना. कोणी पाहुणा आला की केशरबाई नातीला ओट्यावर उभी करत. यंदा पंधरा ऑगस्टला बालवाडीतलं एक लेकरू सगळ्या ताडकळस गावासमोर आकडे म्हणणार होतं आणि नर्मदाबाईंची नात सारजा अजून चारावरच अडखळत होती. हेव्यानं बाईंची झोप उडाली.

"ती काय तुझ्यापरीस जास्त तूप खाती का गं?" असं म्हणत त्यांनी सारजाला आठवडी बाजारात नेलं. पाटीपेन्सिलीवर त्यांचा भरवसा नव्हता. व्यंकटी मापारी पायलीनं ज्वारी मोजत होता, त्याच्यासमोर त्यांनी तिला बसवलं. दुपारपर्यंत पोरगी त्याच्या सुरात सूर मिळवू लागली. घरी वाळू आणि डबा घेऊन तोच खेळ. पाच दिवसांत विसापर्यंत मजल गेली. नर्मदाबाई केशरबाईंकडे बघून उगीचच हसू लागल्या.

निवडीच्या दिवशी दोन्ही आज्या बालवाडीत हजर. शिकवणाऱ्या गीताबाई म्हणाल्या, "सारजा, समोरची लेकरं मोज बरं."

सारजानं पहिल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवला. "लाभ! दोन! तीन!"

शेवटच्या, चौदाव्या लेकरापर्यंत बरोबर गेली, पण बालवाडी हसून लोळली. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, शुभ म्हणून लाभ म्हणतो. त्या नादात सारजा एक साफ विसरली होती.

"पोरं हायेत का ज्वारी?" केशरबाई पदराआडून म्हणाल्या. नर्मदाबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली.

मग सत्यशीला उठली. पहिल्याच पोराच्या डोक्यावर हात ठेवून ती जी सुटली ती शंभरावरच थांबली.

"किती लेकरं हायेत मग?" गीताबाईंनी विचारलं.

"शंभर!"

"बाकीची श्याऐंशी कुठं दडवलीत वो, केशरबाई?" नर्मदाबाई म्हणाल्या.

गीताबाईंनी कपाळाला हात लावला. "आठ दिवस देते. जी नीट शिकंल ती उभी राहील."

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई परसात गेल्या, तर दोघी पोरी वाळूत. सारजा डबा भरत होती आणि सत्यशीला एकेक डबा मोजत होती. नर्मदाबाईंनी नातीला बाजूला ओढलं.

"तिला फुकट शिकवायलीस व्हय गं?"

"फुकट न्हाई, आज्जी. ती मला इसाच्या फुडचं सांगायली."

नर्मदाबाई जरा घुटमळल्या. मग खाली वाकून कुजबुजल्या, "मग तू आधी समदं शिकून घे. तिला मातर सावकाश सांग."

"सत्यशीलाची आज्जीबी तिला हेच म्हनली," सारजा म्हणाली आणि परत वाळूकडं पळाली.