बिनमालकाचे हादरे

लातूरला आमच्या गल्लीत मिरची कुटायची असली, की आधी हबीबभाईंना कळवावं लागे. किती कुटणार, कुठं बसून कुटणार, किती वाजता थांबणार, सगळं ते वहीत लिहून घेत. शेजारच्या महानंदावहिनी कुरकुरायच्या, "भाई, माझ्या सासूनं एवढं विचारलं न्हाई हो कधी!"

हबीबभाई घड्याळं दुरुस्त करत. एका मेलेल्या घड्याळाचा लंबक, तांब्याची कडी, बॅटरी आणि दारावरची घंटा जोडून त्यांनी एक यंत्र बनवलं होतं. जमीन हलली की लंबक कडीला लागायचा आणि घंटा वाजायची. अडचण एवढीच, की जमीन कशानंही हलायची. एसटी गेली, घंटा. टँकर आला, घंटा. वहिनींचा खलबत्ता, घंटाच घंटा. दर वेळी भाई गल्लीत येऊन ओरडत, "मालक कोण? ह्या हादऱ्याचा मालक कोण हाय?" कुणीतरी हात वर करी. मग नोंद: 'सव्वाअकरा. महानंदावहिनी. शेंगदाण्याचा कूट.' एकदा वरातीतल्या ढोलवाल्याला थांबवून त्यांनी त्याची सही घेतली. तोवर नवरदेव घोड्यावर ताटकळला.

मी समोरच राहायचो. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे गल्लीतलं सगळं विज्ञान माझ्या ताब्यात होतं.

एका दुपारी भाई वही घेऊन आले. "सर, ह्या अकरा हादऱ्यांना मालकच न्हाई. एसटी न्हाई, वहिनी न्हाई. सगळ्यांना विचारलो." त्यांची थोरली बहीण, आपा, किल्लारीकडच्या एका खेड्यात दगडमातीच्या घरात एकटी राहायची. तिकडंही भांडी हलतात, असा तिचा निरोप होता. "आपाला घेऊन येऊ का, सर? अन् लोकांना सांगू का?"

खरं तर तेवढ्यावरून पुढचं सांगणं मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही जमलं नसतं. पण मी तेवढाही विचार केला नाही. मला उत्तरपत्रिका तपासायच्या होत्या. हातात लाल पेन होतंच. अकराही नोंदींसमोर मी 'मिरची' लिहिलं, खाली सही केली आणि सहीखाली 'एम.एस्सी.'

"म्हातारीला कशाला घाबरवता?" मी म्हणालो. एम.एस्सी.चा शब्द भाईंनी मानला. वही छातीशी धरून गेले.

थोड्याच दिवसांत झालेल्या किल्लारीच्या भूकंपात आपाच्या घराची एकही भिंत उभी राहिली नाही. आपाही गेली.

महिन्याभरानं भूगर्भ खात्याचे एक साहेब आले. आधीच्या बारक्या हादऱ्यांची कुणी नोंद ठेवलीय का, विचारत होते. वहिनींनी अभिमानानं सांगितलं, "हबीबभाईंकडं समदं लिहिलेलं हाय. माझं तिखटसुद्धा!" शिकलेला माणूस म्हणून साहेबांनी मलाही सोबत घेतलं. माझी शिकवणी नुकतीच सुरू झाली होती, दारावर पाटी लागली होती. आणि वहीत माझी सही होती.

भाई गादीवर बसून होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "वही? ती बंबात जाळली, साहेब. पाणी तापवायला."

साहेब हळहळत गेले. भाई उठले, तर गादीखाली वही.

"असं का केलंत?"

"साहेबानं पहिली तुमची सही वाचली असती. लोक भरवशानं लेकरं पाठवून राहिले तुमच्याकडं."

"भाई, मला माफ करा."

"ते न्हाई जमायचं, सर. लेकरांचं वेगळं हाय."

पुढं लातूरभर शिकवण्या उगवल्या. माझी तीन मजली झाली. 'मिरचीवाला शास्त्रज्ञ' हा किस्सा मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगायचो. पोरं हसून बाकावरून पडायची. 'मिरची' कुणी लिहिलं, ते मात्र कधी सांगितलं नाही. आता अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. मी लिहिलं. आणि हादरे मोजणारा तो माणूस बरोबर होता.

साहेब आले होते, त्या दिवसाचं उरलेलंही सांगतो. वही घेऊन भाई मोरीकडं निघाले. "खोटं बोलून बसलो," ते म्हणाले, "आता खरं करावं लागंल." बंब गार होता, तो त्यांनी पेटवला आणि एकेक पान फाडून आत घालू लागले. एवढ्या वर्षांचं काम. मी हात धरू शकलो असतो. लाल शाईचं पान आत जाईपर्यंत मी तिथून निघालो नाही.