वामनदादांचं पथ्य

जेवायला बसले की वामनदादा आधी डाव्या हाताची बाही वर करत आणि कोपराला विचारत, "काय रं, आज वांगं चालंल का?" कोपरावर सोरायसिसचा चट्टा होता, लालसर, वर पांढऱ्या खपल्या. तो जरा जास्त लाल वाटला की वांगं परत पातेल्यात जाई.

पोशीरमध्ये आमची घरं शेजारी-शेजारी, मध्ये एकच कुंपण. दादा साजगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकुलती मुलगी पळसदरीला दिलेली. स्वयंपाक स्वतःच करत, त्यामुळे पथ्याला अडवणारं घरात कुणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं म्हणून सुकट सोडली. खोपोलीच्या बसमध्ये भेटलेल्या कुणा अनोळखी माणसाने सांगितलं म्हणून दूध सोडलं. मग गहू, मग टोमॅटो. शेवटी ताटात भात आणि वरण उरलं, तेव्हा भातच दुप्पट खाऊ लागले. पोट सुटलं. चट्टे पाठीवर गेले. संध्याकाळची ताडी तेवढी सुटली नाही.

"दादा, हिला पथ्य नाही?"

"ती झाडाची हाय रं मास्तर. शुद्ध शाकाहारी!"

आम्ही सगळे हसायचो.

या थंडीत त्यांच्या सदऱ्याला पाठीवर रक्ताचे डाग दिसले, तेव्हा माझं हसू थांबलं. जबरदस्तीने स्कूटरवर बसवून त्यांना कर्जतला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं.

"वांग्याने काही बिघडलेलं नाही," डॉक्टर म्हणाले. "वजन आणि ताडी, यांनी आजार वाढतो. दोन्ही आवरा. चौरस जेवा, औषध नेमाने घ्या. मुळापासून जाईल असं सांगत नाही, पण आटोक्यात राहील."

दादांचं लक्ष दुसरीकडेच होतं. उठता उठता त्यांनी विचारलं, "डॉक्टर, नातीला उचलून घेतली तर तिला लागंल का?"

"छे! हा आजार शिवल्याने लागत नाही. खुशाल घ्या."

दादा पुन्हा खुर्चीत बसले.

बाहेर आल्यावर मला कळलं. नातीच्या बारशाला त्यांची बाही वर सरकली आणि विहीणबाईंनी बाळ त्यांच्या हातातून काढून घेतलं. "राहू द्या, पोरीला लागायचं."

"माझी पोर काय बोलली नाय. मी पण नाय बोललो," दादा म्हणाले. "म्हटलं, अंग साफ झालं की जाऊ. कायतरी सोडल्यावर जाईलच ना रं?"

त्याला दोन वर्षं झाली होती.

त्याच रविवारी आम्ही पळसदरीला गेलो. डॉक्टर काय म्हणाले ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. विहीणबाई चहा टाकायला उठल्या. मुलगी रडली. नातीने मात्र हात पुढे करून आलेला हा अनोळखी म्हातारा पाहिला आणि किंचाळून आईच्या मागे दडली.

दादांनी हात मागे घेतले. "बरोबर हाय तिचं. तिनं मला बघितलंय कुठं?"

आता ताडी जवळजवळ सुटली आहे. चट्टे फिके झालेत, गेलेले नाहीत. दर रविवारी ते पळसदरीला जातात, ओटीवर भिंतीला टेकून बसतात. नातीला हाक मारत नाहीत.

"परवा हातभर अंतरावर येऊन बसली," त्यांनी काल कुंपणापलीकडून सांगितलं. "माझ्या पायाला मुंग्या आल्या मास्तर, पार बधिर झाला. पण मी हललो नाय."